पडून राहायला शिकवणारी

रूथताई,

परवा तुला पाठीवर निजलेली पाहिली आणि माझ्या तोंडून मोठा सुस्कारा निघाला. शेजारी उभ्या असलेल्या पाळकसाहेबांनी चमकून माझ्याकडे बघितलं. शवपेटीपाशी उभं राहून कुणी असा सुटल्यासारखा श्वास सोडतं का? पण त्यांना काय माहीत! अख्खा हिवाळा तू आडवी झाली नव्हतीस. हृदय थकलं, छातीत पाणी साठायला लागलं आणि पाठ टेकली की तुझा जीव घुसमटायचा. मग खुर्ची, खुर्चीपुढे टेबल, टेबलावर दोन उशा आणि उशांवर तुझं डोकं. रात्र असो की दिवस, तेच. इतक्या माणसांना पाठीवर निजून अंग सैल सोडायला शिकवलंस, आणि शेवटी तुलाच ते बंद झालं. म्हणून परवा तू पाय लांब करून, खांदे टेकून, सरळ निजलेली दिसलीस तेव्हा मला आधी बरं वाटलं. रडू नंतर आलं. दफनभूमीतून परतताना, गाडीत, सिग्नल हिरवा होऊन मागचे सगळे हॉर्न वाजवत असताना.

लोक म्हणतील, एवढी जिवाभावाची बाई गेली आणि ही म्हणते बरं वाटलं. म्हणू देत. तुला ते पटलं असतं. तीस-पस्तीस वर्षं सरकारी हॉस्पिटलात सिस्टर म्हणून काढलीस, किती जणांचे डोळे मिटलेस. माणूस गेल्यावर घरच्यांना आधी हलकं वाटतं आणि मग त्या हलकं वाटण्याचीच लाज वाटते, हे तूच मला सांगितलं होतंस. "लाजू नये," म्हणाली होतीस. "ज्यानं जागून काढलंय त्यालाच हलकं वाटतं. जो लांबून आला तो छाती पिटतो."

तू मला पहिल्यांदा भेटलीस ती आर. के. पुरमच्या आमच्या कॉलनीच्या पार्कात. भेटलीस म्हणजे ऐकू आलीस. मी सकाळी फिरायला निघाले होते. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर झाल्याला थोडेच दिवस झाले होते आणि चालतानासुद्धा डोक्यात फायली फिरायच्या. तेवढ्यात खणखणीत नगरकडची मराठी कानावर पडली. तू फोनवर बहिणीला दटावत होतीस, "अगं, तुझं गुडघं दुखतंय तर उकिडवी बसून भांडी कशाला घासतीस?" दिल्लीत सकाळी सकाळी अशी मराठी ऐकली की पाय आपोआप थांबतात. फोन ठेवून तू माझ्याकडे वळलीस. नाव विचारायच्या आधी म्हणालीस, "तुमचे खांदे कानाला लागलेत. खाली आणा."

दुसऱ्या दिवसापासून मी तुझ्या वर्गाला यायला लागले. दहा-बारा बायका, कडुनिंबाखाली पसरलेल्या चटया आणि मधे तू, सलवार-कमीज आणि पायात मोजे. पहिल्याच दिवशी माझा हिरमोड झाला. एक भुजंगासन झालं की तू सगळ्यांना पोटावर पालथं पाडायचीस, हातांची उशी, त्यावर गाल, मकरासन. एक पश्चिमोत्तानासन झालं की पाठीवर. पुन्हा उठायचं, काहीतरी करायचं, पुन्हा पडायचं. मला ऑफिसची चार्टर्ड बस गाठायची असायची. मी मनात म्हणायचे, ही बाई निम्मा वेळ आम्हाला झोपवते. एक दिवस बोललेच.

"ताई, आसनं जरा जास्त घ्या ना. पडून तर घरीही राहता येतं."

"घरी पडून राहतेस?"

"नाही. वेळच कुठे असतो?"

"मग इथं तरी पड," तू म्हणालीस. त्याच दिवसापासून तू मला "अगं तुगं" करायला लागलीस आणि मीही तुला. "नीले, कणीक मळून लगेच पोळ्या लाटतेस का? झाकून ठेवतेस ना थोडा वेळ? का ठेवतेस?"

"मुरायला."

"हां. मग अंग काय कणकेपेक्षा स्वस्त आहे का? ताणलंस, वाकवलंस, पिळलंस. आता त्याला कळू दे ना काय झालं ते."

मग शवासनात तू माझ्यापाशी आलीस. माझा हात मनगटाशी धरून वर उचललास आणि सोडून दिलास. हात खाली पडायला हवा होता. तो तसाच हवेत. मला पत्ताच नाही, मी आपली डोळे मिटून निवांत असल्याच्या समजुतीत! तू सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलंस, "हा हात कोणी धरून ठेवलाय गं? तुझ्या जॉइंट सेक्रेटरीनं?" त्या दिवशी पार्कात इतकं हसू उठलं की बाकावर पेपर वाचणारे गृहस्थसुद्धा उठून बघायला आले. मीही हसले. आणि हसता हसता तो हात खाली आला.

शवासन हे नाव मला कसंतरीच वाटायचं. तुला कधीच वाटलं नाही. "शवं मी पुष्कळ पाहिलीत," तू म्हणायचीस. "त्यातली कितीतरी आखडलेली असतात. मुठी वळलेल्या, जबडा घट्ट. आयुष्यभर सैल सोडलं नाही तर ते ऐन वेळी कुठून जमणार? हे शिकायचं ते धडधाकट असताना." तुमच्या चर्चच्या मंडळीतल्या कुणीतरी तुला टोकलं होतं की ख्रिस्ती बाईनं योग कशाला शिकवायचा. तू त्यांना विचारलंस, "देवानं सगळं निर्माण केल्यावर काय केलं? विसावाच घेतला ना? मग तेवढंच शिकवते मी." पुढच्या आठवड्यात ते गृहस्थ बायकोला घेऊन वर्गाला आले. बायको टिकली, ते नाही.

जानेवारीत आपण पानिपतला गेलो ते आठवतं? वर्गासाठी जाड खेस, तिकडच्या त्या सुती चादरी, हवे होते. चटईवर थंडी लागते आणि गारठलेलं अंग सैल पडत नाही, हा तुझा ठाम सिद्धांत. दुकानात तू प्रत्येक खेसाची घडी घालून, त्यावर स्वतःची मान टेकवून बघत होतीस. दुकानदार चकित झाला. "बहनजी, ये ओढ़ने के लिए है," तो म्हणाला. "हमें इसपे लेटना है, भाईसाहब," तू म्हणालीस आणि चौथ्या खेसावर मान टेकलीस.

काम लवकर आटोपलं, म्हणून मी म्हटलं पानिपतच्या लढाईचं स्मारक आहे त्या काला अंबला जाऊन येऊ. माझ्या माहेरच्या घराण्यातलं कुणी त्या लढाईत पडलं असं आई सांगायची. महाराष्ट्रातून आलेल्या लोकांच्या गाड्या निघून गेल्या होत्या. स्मारकापाशी हार होते, गुलाल सांडला होता आणि हिरवळीवर कोवळं ऊन. मी हात जोडून उभी होते. मागे वळून बघते तर तू नवा खेस हिरवळीवर अंथरून सरळ आडवी!

"ताई, उठ! हे स्मारक आहे. लोक काय म्हणतील?"

"लोक गेले. ये, पड."

राखणदार धावत आला. "मैडम, तबीयत तो ठीक है?"

"बिल्कुल ठीक है भैया. आराम कर रहे हैं. आप भी बैठो."

तो बिचारा गोंधळून खरंच थोडा वेळ कठड्यावर टेकला. मी तुझ्याशेजारी बसले, मग निजले. तू आकाशाकडे बघत म्हणालीस, "किती दमून आली असतील गं ही माणसं. केवढी लांबून. त्यात उपाशी. त्यांना कुणी दोन दिवस नुसतं पोटभर जेवून झोपू दिलं असतं तर…"

"तर काय, इतिहास बदलला असता?"

"इतिहासाचं मला ठाऊक नाही," तू म्हणालीस. "पण त्यांना बरं वाटलं असतं."

पानिपतावर मी कितीतरी भाषणं ऐकली आहेत, दिल्लीतल्या मराठी मंडळांच्या प्रत्येक कार्यक्रमात असतात. त्या माणसांना बरं वाटलं असतं का, हा विचार करणारी मला तू एकटीच भेटलीस.

आता आईचं. त्याबद्दल आपण कधी नीट बोललोच नाही.

बाबा गेल्यावर आईला मी साताऱ्याहून दिल्लीला आणलं. तिची स्मृती तोवर विरत चालली होती. मला ती कधी बहीण समजायची, कधी शाळेतल्या बाई. माझा नवरा बदलीवर गुवाहाटीला. दिवसा सांभाळायला एक बाई मिळाली होती, पण संध्याकाळ झाली की आईला घरी जायचं असायचं. "चल, उशीर होतोय," म्हणून ती पिशवी भरायला घ्यायची. मी दाराला आतून कुलूप लावून तिच्या मागे मागे फिरायचे. सकाळी पुन्हा ऑफिस. असे महिने गेले. मग माझं एक भलतंच सुरू झालं. मला आडवंच होता येईना. पाठ टेकली की छातीत धडधडायचं, वाटायचं आता काहीतरी होणार आणि मला कळणार नाही. ऑफिसात मीटिंगमध्ये एकदा माझ्या हातातला पेन गळून पडला आणि तो उचलायला वाकले तर उठता येईना. सगळ्यांना वाटलं मी खाली काहीतरी शोधतेय.

शनिवारी वर्गात आले. तू शवासन सांगितलंस आणि मी उठून बसले. तू जवळ आलीस.

"काय होतंय?"

"मला पाठीवर पडलं की भीती वाटते, ताई."

मला वाटलं होतं तू म्हणशील, प्रयत्न कर, श्वासाकडे लक्ष दे. सगळे तेच सांगतात. तू म्हणालीस, "मग पाठीवर नको." आणि वर्ग तिथंच थांबवून माझ्याबरोबर माझ्या घरी आलीस.

तू काय केलंस ते मी तेव्हा नीट पाहिलंही नाही, इतकी मी थकले होते. बैठकीतल्या दिवाणावरचा लोड काढून जमिनीवर लांब ठेवलास, त्याच्यावर पानिपतचे दोन खेस घडी घालून. मला गुडघ्यांवर बसवून त्या लोडावर पालथी घातलीस, पोट, छाती, गाल, सगळं टेकेल असं. घोट्यांखाली टॉवेलची गुंडाळी. पाठीवर रजई टाकलीस आणि रजईवर, माझ्या कमरेपाशी, तुझा तळहात दाबून ठेवलास. "पाठ झाकलेली आहे," तू म्हणालीस. "तुझ्या मागे मी आहे. दाराला कडी आहे. आई माझ्यापाशी आहे." प्रत्येक वाक्य वेगळं, सावकाश. एखाद्या पेशंटला सांगावं तसं. धडधड जरा वाढली, मग ती लोडात कुठेतरी मुरली. तुझा हात कधी निघाला ते मला कळलं नाही.

मी उठले तेव्हा खिडकीत ऊन तिरपं झालं होतं. स्वयंपाकघरातून आवाज येत होते. जाऊन बघते तर तू आणि आई जमिनीवर फतकल मारून मटार सोलत बसलेल्या. ओळीनं पातेली भरलेली. घरात होते नव्हते ते मटार संपले तेव्हा शेजारणीचेही मागून आणले होतेस. आई इतकी शांत मी कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. तिनं मला बघून विचारलं, "उठलीस का गं?" नावानं हाक मारली नाही, पण आईनं लेकीला विचारावं तसंच विचारलं. मग तुझ्याकडे बोट करून म्हणाली, "ही बाई छान आहे. हिला ठेवून घे."

पुढे आई असेपर्यंत तू दर शनिवारी दुपारी येत राहिलीस. मी लोडावर, तुम्ही दोघी मटारावर. मोसम संपल्यावर लसूण. लसूण संपल्यावर गव्हातले खडे. आई गेली तेव्हा मी धड उभी होते, कामं करू शकत होते, रडूही शकत होते. ते त्या दुपारच्या झोपांमुळे. तुझे आभार मी कधी मानले नाहीत. मैत्रिणीचे कसले आभार, असं वाटायचं. आज मानते. तू नाक मुरडशील हे माहीत असून.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की विश्रांतीचंसुद्धा आसन शोधावं लागतं. एकाला पाठीवर निवतं, दुसऱ्याला पोटावर, तिसऱ्याला भिंतीला पाय लावून. कुणाला कुशीवर वळून गुडघे पोटाशी घ्यावे लागतात. तुझा सगळा योग म्हणजे माणसाला कुठे टेकू द्यायचा याचा शोध होता. उशा आणि गुंडाळ्या हे तुझं हॉस्पिटलातलं ज्ञान, ते तू पार्कात आणलंस. आणि दोन आसनांच्या मधली ती थांबण्याची जागा तू कधी कुणाला गाळू दिली नाहीस.

निवृत्त झालीस, क्वार्टर सोडलंस आणि गुरुग्रामला सॅमकडे राहायला गेलीस. तुझा मुलगा. गोड पोरगा, पण पायाला भिंगरी. कानात कायम ते फोनचं बोंड, एका देशाशी बोलणं संपलं की दुसऱ्याशी. "मम्मी, टू मिनिट्स," हे त्याचं पालुपद. तू त्याच्या सोसायटीच्या हिरवळीवर वर्ग सुरू केलास. तिथल्या मुलींना घाम गाळायचा होता, वजन उतरवायचं होतं. निम्म्या दुसऱ्या आठवड्यात पळाल्या. उरलेल्यांत एक भल्लाजी, बँकेतून निवृत्त झालेले, गुडघे दुखणारे, तोंडाचा पट्टा चालू. पहिल्या दिवशी अर्धा तास मकरासनात काढल्यावर त्यांनी मान वर करून विचारलं म्हणे, "सिस्टर जी, योगा कब शुरू होगा?" तू म्हणालीस, "चल रहा है भल्लाजी. आप बीच में मत उठिए."

मी शनिवारी मेट्रोनं यायचे. वर्ग झाला की तुझ्या गॅलरीत चहा आणि आपला तो जुना वाद. मी म्हणायचे, विश्रांती ही कष्टाची कमाई. आधी राबावं, मग पडावं. तू म्हणायचीस, "म्हणजे राबला नाही त्यानं पडू नये? माझ्या वॉर्डातली सगळी माणसं उठवून बसवू का मग?" मी म्हणायचे, आजारी माणसाचं वेगळं. तू म्हणायचीस, "वेगळं कसं? झोप लागते तेव्हा तुला कुणी विचारतं का आज काय केलंस?" मी हट्टाला पेटून म्हणायचे की सगळे तुझ्यासारखे पडून राहिले तर घरं कोण चालवणार, ऑफिसं कोण चालवणार. तू चहा पीत राहायचीस. "चालतात गं," म्हणायचीस. "माझ्याशिवाय हॉस्पिटल चाललंच ना. जरा वाईटच वाटलं मला."

मागच्या महिन्यात मी तो वाद पुन्हा काढला. तू तेव्हा टेबलावर डोकं टेकून असायचीस, बोलताना दम लागायचा. तुला चेव यावा म्हणूनच काढला. मी म्हटलं, "ताई, तू इतकी वर्षं राबलीस. कितीतरी नाइट ड्युट्या केल्यास. आता तुझा हक्क आहे विश्रांतीचा. म्हणजे माझंच खरं की नाही?" तू मान वर केलीस. डोळ्यांत तीच जुनी चमक. तोंड उघडलंस, एक शब्द आला, "अगं…", आणि खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर तू बोट वर करून खूण केलीस, नंतर सांगते. ते नंतर आलंच नाही. काय म्हणणार होतीस? मी रोज एक उत्तर तयार करते आणि दुसऱ्या दिवशी ते मलाच पटत नाही. हा वाद असाच राहू दे. तेवढीच तू अजून माझ्याशी बोलत राहशील.

आता शेवटची दुपार. तू तिथं होतीस, पण तुझे डोळे मिटलेले होते. म्हणून सांगते.

आदल्या दिवशी डॉक्टर घरी येऊन गेले होते. त्यांनी सॅमला आणि मला गॅलरीत नेऊन सांगितलं, "हृदयात आता जोर राहिलेला नाही. हॉस्पिटलात नेलंत तर मशीनवर थोडे दिवस मिळतील. घरी ठेवलंत तर त्रास कमी राहील एवढं मी बघेन. दोन्हींतलं काहीही केलंत तरी मी चूक म्हणणार नाही." तू डिसेंबरात आयसीयूत राहून आली होतीस. घरी आल्यावर म्हणाली होतीस, "तिथं मला क्षणभर झोपू देत नाहीत. दर थोड्या वेळानं बीपी. मीही तेच केलंय म्हणा लोकांना, जन्मभर." हसलीस, आणि मग सॅमकडे बघून गंभीरपणे म्हणालीस, "पुन्हा तिथं नको." त्यानं मान डोलावली होती. पण मान डोलावणं वेगळं आणि आईचा श्वास समोर चढताना बघणं वेगळं.

दुपारी जेवणं झाल्यावर तुझा श्वास वाढला. ऑक्सिजनचं मशीन कोपऱ्यात घुरघुरत होतं, डॉक्टरांनी दिलेलं औषध मी तुझ्या जिभेखाली दिलं. सॅम खोलीत येरझाऱ्या घालत होता. मग त्यानं फोन कानाला लावला. "हाँ, ॲम्ब्युलन्स चाहिए, गुरुग्राम…"

तू टेबलावर तळहात आपटलास. केवढा आवाज झाला! तुझ्यात एवढी ताकद आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं.

"सॅम. फोन ठेव."

"मम्मी, प्लीज. मी असं नुसतं बघत नाही बसू शकत. काहीतरी करायला पाहिजे ना, यार!"

"बघू नको," तू म्हणालीस. "पाठ कर."

आम्हाला कळेना. तू हातानं दाखवलंस. पलंग. तो पुढे. तू मागे. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. टेबलाचा कंटाळा आला होता तुला. आम्ही दोघांनी तुला उचलून पलंगावर बसवलं, मी तुझ्या मागे आणि दोन्ही बाजूंना उशा लावल्या. सॅम तुझ्यापुढे मांडी घालून बसला, तुझ्याकडे पाठ करून. तू पुढे झुकलीस, दोन्ही हात त्याच्या कमरेभोवती घातलेस आणि त्याच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, गाल टेकलास.

तो रडत होता. त्याची पाठ हलत होती आणि तुझं डोकंही. तू त्याच्या पोटावर थोपटलंस. "हलू नको," म्हणालीस. "तुझा श्वास घे. हळू." मला त्याही वेळी हसू आलं. जाता जाता वर्ग घेत होतीस.

त्यानं श्वास घेतला. मोठा. सोडला. पुन्हा घेतला. त्याची पाठ वर जायची, खाली यायची, आणि तुझी धाप त्या लयीला हळूहळू लागत गेली. टेबलावर त्याचा फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. त्यानं तिकडे मानसुद्धा वळवली नाही. मग तुझं तोंड किंचित उघडलं आणि तू घोरायला लागलीस. हिवाळाभर चाललेली ती डुलकी नव्हती. भरल्या दुपारची खरी झोप.

"मावशी," सॅम कुजबुजला, "झोपली?"

"झोपली."

"माझ्या पायाला मुंग्या आल्यात."

"हलायचंय का तुला?"

"नाही. नुसतं सांगितलं."

गॅलरीतलं ऊन पलंगापर्यंत आलं आणि परत गेलं. नेमकी केव्हा गेलीस ते आम्हा दोघांनाही सांगता येणार नाही. मी घड्याळ बघितलं नव्हतं. घोरणं थांबलं, श्वास बारीक झाला, दोन श्वासांमधलं अंतर वाढत गेलं, आणि एकदा ते इतकं वाढलं की मी पुढे होऊन तुझ्या मनगटाला हात लावला. सॅमला मी लगेच सांगितलं नाही. तो तसाच बसून होता, सावकाश श्वास घेत. नंतर तो मला म्हणाला, "मावशी, मला वाटत होतं तिचा श्वास चालू आहे. तो माझाच होता."

आज शनिवार. मी मेट्रोनं आले. वर्ग घ्यायचा की नाही ठरवलं नव्हतं, पण हिरवळीवर सगळे येऊन बसलेले होते. भल्लाजींनी तुझे खेस वरून आणवून अंथरले होते. फोटो नाही, फुलं नाही. कुणी भाषण केलं नाही. मी सावकाश सुरू केलं, एक आसन, मग पालथं पडणं, मग दुसरं. मला तुझ्याइतकं नीट सांगता येत नाही. तरी लोक पडले.

मधेच सॅम खाली आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. तो हिरवळीच्या कडेला उभा राहिला. मी उठून त्याच्यापाशी गेले.

"मावशी, एक विचारू? मी फोन ठेवला ते बरोबर केलं ना? ॲम्ब्युलन्स आली असती तर…"

"आली असती तर तिला नेलं असतं," मी म्हटलं. "तिथं काय झालं असतं ते मला माहीत नाही, सॅम. इथं काय झालं ते मी पाहिलं. अख्ख्या हिवाळ्यात ती पहिल्यांदा झोपली. तुझ्या पाठीवर."

तो चपलेनं गवत ढकलत राहिला. मग म्हणाला, "त्या दिवसापासून मला झोप नाहीये."

"ये," मी म्हटलं.

त्याला पाठीवर निजवलं नाही. पोटावर पालथा घातला, हातांची उशी, त्यावर गाल. पाठीवर खेस टाकला आणि कमरेपाशी तळहात ठेवला. बराच वेळ तो पापण्या घट्ट मिटून होता. मग त्या सैल झाल्या. खांदे उतरले. भल्लाजी काहीतरी बोलायला तोंड उघडत होते. मी बोट ओठांवर ठेवलं, आणि त्यांनी स्वतःची शाल काढून सॅमच्या पायांवर घातली.

वर्ग संपला तेव्हा सगळ्यांनी आवाज न करता चटया गुंडाळल्या. चपला हातात घेतल्या आणि गवतावरून अनवाणी, एकेक करून निघून गेले. सोसायटीचा माळी पाण्याचा पाइप ओढत येत होता, त्यालाही त्यांनी खुणेनं पलीकडे वळवलं. ऊन वर चढत होतं. मी सॅमजवळ गवतावर बसून राहिले. त्याला कुणी उठवलं नाही.

तुझी,
नीला